जयपूरमध्ये ‘आयटी’ शिकायची, म्हणजे नेमकी कोणती पदवी घ्यायची?

जयपूर : बारावीचा निकाल आणि जेईई मेनचे गुण हाती आले की जयपूरच्या सीतापुरा, जगतपुरा आणि अजमेर रस्त्याकडील महाविद्यालयांच्या प्रवेश कक्षांत गर्दी वाढू लागते. राजस्थानच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या पालकांबरोबर त्या गर्दीत मराठी कुटुंबेही असतात. काही बँक, रेल्वे किंवा सैन्यदलातील बदलीमुळे राजस्थानात आलेली; काही मुलाला दोन वर्षे कोट्याच्या शिकवणी वर्गात ठेवून आता पुढची वाट शोधणारी. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : आयटीला प्रवेश मिळेल का?

प्रश्न साधा वाटतो. पण जयपुरात ‘आयटी’ या दोन अक्षरांखाली निदान तीन-चार निरनिराळ्या गोष्टी शिकविल्या जातात. त्यांचा कालावधी तीन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत आहे, त्यांना मान्यता देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत आणि त्यांतून पुढे उघडणारी दारेही वेगळी आहेत. नाव सारखे असल्यामुळे होणारा गोंधळ अनेकदा पहिले वर्ष संपल्यावर लक्षात येतो, आणि तोपर्यंत शुल्क भरलेले असते.

सर्वांत खालच्या पायरीवरील अभ्यासक्रमाचे मूळ महाराष्ट्रात आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन अर्थात एमकेसीएलने २००१ मध्ये संगणक साक्षरतेसाठी एमएस-सीआयटी सुरू केली. सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरलेले तिचे प्रमाणपत्र मराठी घराघरांत परिचित आहे. २००८ मध्ये राजस्थान सरकारने एमकेसीएलच्याच सहभागाने राजस्थान नॉलेज कॉर्पोरेशन उभे केले आणि त्याच धर्तीवर आरएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणला. त्याची परीक्षा कोट्याचे वर्धमान महावीर मुक्त विद्यापीठ घेते. राजस्थानातील कनिष्ठ लिपिकासारख्या पदांसाठी तो चालतो, म्हणून गावोगावच्या केंद्रांवर ‘आयटी कोर्स’ अशा पाट्या दिसतात. उपयुक्त आहे, पण तो पदवीच्या वाटेवरचा टप्पा नव्हे. संगणक वापरायला शिकणे आणि संगणकव्यवस्था उभारायला शिकणे यांत अंतर आहे, आणि पदवीचा विषय त्या दुसऱ्या टोकापासून सुरू होतो.

‘माहिती तंत्रज्ञान’ हा शब्दप्रयोग तसा जुना. १९५८ मध्ये हॅरॉल्ड लेविट आणि थॉमस व्हिसलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात तो वापरला. त्यांच्या मते या तंत्रज्ञानाचे तीन भाग होते : मोठ्या प्रमाणातील माहितीवर वेगाने प्रक्रिया करणे, निर्णयासाठी गणित व संख्याशास्त्राचा वापर करणे, आणि माणसाच्या विचारप्रक्रियेचे संगणकाद्वारे अनुकरण करणे. तिसरा भाग आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर झळकतो आहे. कार्यालयांतील मधल्या फळीतील व्यवस्थापकांचे काम या तंत्रज्ञानामुळे बदलेल, असेही त्या दोघांनी तेव्हाच लिहून ठेवले होते.

पदवीचा विषय म्हणून आयटीला स्वतंत्र ओळख मिळायला मात्र बराच काळ लागला. संगणक क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थांनी २००५ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात या क्षेत्राच्या पाच शाखा मानल्या : संगणक अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, माहिती प्रणाली, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान. यांतील संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या दोहोंतील फरक आपल्याकडे सर्वाधिक विचारला जातो. संगणकशास्त्राचा कल गणनेच्या तत्त्वांकडे असतो : एखादा प्रश्न यंत्राला सोडविता येतो का, किती वेळात येतो, त्यासाठी कोणती रीत उत्तम, भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर कसे होते. माहिती तंत्रज्ञानाचा कल तयार तंत्रांतून एखाद्या संस्थेची गरज भागविणारी व्यवस्था बांधणे, ती जोडणे, सुरक्षित ठेवणे आणि वर्षानुवर्षे चालविणे याकडे असतो.

राजस्थानातीलच उदाहरण घेता येईल. दौसा जिल्ह्यातील एखादा शेतकरी मूलनिवास प्रमाणपत्रासाठी गावातील ई-मित्र केंद्रावर जातो. महाराष्ट्रातील ‘आपले सरकार’ केंद्राचाच हा राजस्थानी अवतार. केंद्रचालक अर्ज भरतो, कागदपत्रे जोडतो, शुल्क घेतो. अर्ज तहसील कार्यालयात पोहोचतो, अधिकारी तपासून त्यावर डिजिटल स्वाक्षरी करतो आणि प्रमाणपत्र पुन्हा त्याच केंद्रावर छापले जाते. शेतकऱ्याला दिसतो तो एक पडदा आणि एक कागद. त्यामागे मात्र माहितीसाठा असतो, खेडे ते राजधानी असे जाळे असते, अर्जदार तोच आहे याची खातरजमा असते, पैशांचा हिशेब असतो आणि वीज किंवा जोडणी मध्येच गेली तर अर्धवट अर्जाचे काय करायचे याचा आधीच केलेला विचार असतो. माहितीसाठ्यात शोध वेगाने कसा घ्यावा हा संगणकशास्त्राचा प्रश्न. हे सगळे एकत्र आणून हजारो केंद्रांवर रोज सकाळी नीट सुरू होईल असे करणे हा माहिती तंत्रज्ञानाचा.

हे दुसरे काम दुय्यम समजण्याची आपल्याकडे सवय आहे. १९ जुलै २०२४ रोजी ते किती नाजूक आहे हे जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कोणीही आत शिरून हल्ला केला नव्हता. एक चूक पुरेशा चाचणीविना एकाच वेळी सर्वत्र पोहोचली, एवढेच. सुधारणा टप्प्याटप्प्याने कशी पाठवावी, बिघडली तर मागे कशी घ्यावी, हा आयटीच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा भाग आहे. परीक्षेत त्यावर फार तर पाच गुणांचा प्रश्न येतो.

तत्त्वतः असा फरक असला, तरी भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो कितपत उतरतो? जयपूरमधील बहुतांश खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये कोट्याच्या राजस्थान तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न आहेत. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे संगणक आणि आयटी या दोन शाखांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचले, तर दुसऱ्या वर्षाचे बहुतेक विषय तेच आढळतात : डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, डेटाबेस, संगणक जाळी. पहिले वर्ष तर सर्वच शाखांना जवळपास समान असते. फरक दिसू लागतो तो पुढे, निवडीच्या विषयांत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१८ मधील नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीसाठी १६० श्रेयांक आहेत. त्यांपैकी ४८ शाखेच्या मुख्य विषयांना, १८ शाखांतर्गत निवडीच्या विषयांना आणि १८ शाखेबाहेरच्या खुल्या निवडीला दिले आहेत. या ३६ श्रेयांकांत काय घ्यायचे हे विद्यार्थी ठरवितो, निदान कागदावर. अनेक महाविद्यालयांत शिक्षक उपलब्ध असेल तोच ‘निवडीचा’ विषय ठरतो, आणि साठ जणांचा सगळा वर्ग तोच घेतो. प्रवेशापूर्वी विचारायचा खरा प्रश्न येथे आहे : गेल्या दोन वर्षांत सातव्या सत्रात प्रत्यक्षात कोणते निवडक विषय शिकविले गेले?

देशातील सर्वांत महत्त्वाची पदव्युत्तर परीक्षा तर या दोन शाखांत भेदच करीत नाही. ‘गेट’मध्ये ‘संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान’ अशी एकच प्रश्नपत्रिका आहे. आयआयटीतील एम.टेक. असो वा गेटच्या गुणांवर होणारी सार्वजनिक उपक्रमांतील भरती, दोन्ही शाखांचे विद्यार्थी एकाच रांगेत असतात. म्हणून एखाद्या चांगल्या महाविद्यालयातील आयटीची जागा सोडून केवळ नावासाठी दुबळ्या महाविद्यालयातील संगणकशास्त्र घेणे, असा सौदा समुपदेशनाच्या फेऱ्यांत सर्रास होत असला, तरी तो सहसा तोट्याचा ठरतो.

संस्थांच्या नावांवरून तर काहीच अनुमान काढू नये. जयपूरमधील एलएनएम माहिती तंत्रज्ञान संस्था राजस्थान सरकार आणि उद्योगपती लक्ष्मी मित्तल यांच्या प्रतिष्ठानाच्या संयुक्त प्रयत्नांतून उभी राहिली, आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नावातच माहिती तंत्रज्ञान आहे. पण तिच्या बी.टेक.च्या प्रमुख शाखा संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व दळणवळण, तसेच दळणवळण व संगणक अभियांत्रिकी अशा नावांच्या आहेत. उलट अलाहाबादच्या भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत ‘माहिती तंत्रज्ञान’ याच नावाची बी.टेक. मिळते आणि तिला मोठी मागणी असते. जयपूरमध्ये आयटी नावाची बी.टेक. हवी असेल, तर २०११ मध्ये स्थापन झालेले मणिपाल विद्यापीठ जयपूर किंवा जगतपुऱ्याजवळील स्वामी केशवानंद संस्थेसारखी तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये पाहावी लागतात. मुलींसाठी टोंक जिल्ह्यातील बनस्थळी विद्यापीठ हा जयपूरपासून दीड-दोन तासांवरचा पर्याय आहे. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या निवासी महिला विद्यापीठात तंत्रज्ञानाच्या पदव्याही दिल्या जातात.

शहरातील सर्वांत जुनी आणि प्रतिष्ठेची तांत्रिक संस्था म्हणजे मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान, अर्थात एमएनआयटी. १९६३ मध्ये मालवीय प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली आणि २००२ मध्ये तिचे एनआयटीत रूपांतर झाले. २०१३ मध्ये मंजूर झालेली कोट्याची भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था अनेक वर्षे एमएनआयटीच्याच मार्गदर्शनाखाली जयपुरातून चालली. नाव कोट्याचे, वर्ग जयपुरात, अशी ती स्थिती होती. आता ती कोट्याजवळील रानपूरच्या स्वतःच्या आवारात गेली आहे. तरी जुनी माहिती वाचून जयपुरातच राहता येईल असे समजणारे पालक अजूनही आढळतात.

येथे एका नियमाकडे मराठी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यायला हवे, कारण त्याची माहिती वेळेवर नसेल तर चार वर्षांचे शहर बदलते. एनआयटीतील निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि निम्म्या अन्य राज्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. ‘त्या राज्याचा’ कोण, हे जन्मावरून, मातृभाषेवरून किंवा वडिलांच्या अधिवासावरून ठरत नाही. विद्यार्थी बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाला, यावरून ठरते. लातूर किंवा नांदेडहून कोट्याला गेलेल्या मुलाने महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयातच नाव ठेवून तेथूनच बारावी दिली, तर तो नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी महाराष्ट्राचा उमेदवार राहतो. त्यानेच अकरावीला कोट्यातील शाळेत नाव घातले, तर तो राजस्थानचा होतो : जयपूरचे एमएनआयटी त्याच्यासाठी ‘आपले’ आणि नागपूर ‘परके’. जयपुरात वाढलेल्या बदलीच्या नोकरीतील मराठी अधिकाऱ्याच्या मुलीची स्थितीही तीच. यात फायदा की तोटा हे त्या वर्षीच्या दोन्ही ठिकाणच्या अंतिम क्रमांकांवर अवलंबून असते. मात्र हा निर्णय बारावीनंतर घेण्याचा नसून अकरावीच्या प्रवेशाबरोबरच घेतला जातो, आणि बहुतेक घरांत तो शिकवणी वर्गाच्या सोयीने नकळत घेतला जातो.

महाराष्ट्राच्या राज्य सीईटीचे गणित वेगळे आहे. तेथे राज्याबाहेर बारावी झालेल्या, परंतु स्वतःचे किंवा आई-वडिलांचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराला महाराष्ट्राचा म्हणून अर्ज करण्याची वाट आहे. त्यामुळे पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांचे दार पूर्ण बंद होत नाही. आरक्षणाबाबत मात्र सावध राहावे. महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्रावर राजस्थानच्या राज्यस्तरीय प्रवेशप्रक्रियेत आरक्षणाचा लाभ मागता येत नाही; स्थलांतरित कुटुंबांना हा लाभ मूळ राज्यात मिळतो. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत केंद्राची यादी लागू असल्याने तेथे ही अडचण येत नाही.

जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. म्हणजे मराठीतून परीक्षा द्यायची असेल, तर जयपूर किंवा कोट्यातील केंद्र निवडून चालणार नाही. एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या २० शतमकात स्थान, ही अट आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती ६५ टक्के आहे. शिकवणीच्या धांदलीत मंडळाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करणारे या अटीपाशी अडतात.

ज्यांना अभियांत्रिकी नको किंवा जेईईचा मार्ग शक्य नाही, त्यांच्यासाठी बीसीए आहे. महाराष्ट्रात मुंबईकडे बी.एस्सी. आयटी आणि पुण्याकडे बी.एस्सी. संगणकशास्त्र यांची जी जागा आहे, ती राजस्थानात बीसीए भरून काढते. जयपूरमध्ये राजस्थान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांपासून खासगी विद्यापीठांपर्यंत सर्वत्र ती उपलब्ध आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आली आणि परिषदेने तिचा नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला. त्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाची बीसीए आपापल्या पद्धतीची होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तिला टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची सोय असते : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स.

बीसीएला कमी लेखण्याचे कारण नाही; तिच्यातील एक सापळा मात्र ओळखून घ्यायला हवा, तो गणिताचा. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी प्रवेश सहज मिळतो आणि तीन वर्षांत गणिताला फारसा हात न लावता पदवीही मिळते. पुढे एमसीए करायचे ठरते तेव्हा अडचण उभी राहते. २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचे झाले आहे, त्यामुळे बीसीए आणि एमसीए मिळून पाच वर्षांत बी.टेक.च्या तोडीची पात्रता मिळू शकते. वारंगळ, तिरुचिरापल्ली, सुरतकल अशा काही एनआयटींत हे एमसीए निमसेट या परीक्षेतून मिळते. पण त्या परीक्षेसाठी गणित किंवा संख्याशास्त्राची पार्श्वभूमी मागितली जाते, आणि प्रश्नपत्रिकेत सर्वाधिक भारही गणिताचाच असतो. ज्या बीसीएत विविक्त गणित, संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित हे विषय गांभीर्याने शिकविले जातात, ती बीसीए निवडणे हा म्हणूनच पहिल्या दिवशीचा निर्णय आहे. हेच विषय डेटा विज्ञान आणि यंत्र-अध्ययनाच्या मुळाशी आहेत. नावात ‘एआय’ असलेली पदवी गणिताशिवाय शिकवितो असे कोणी सांगत असेल, तर पालकांनी तेथून नमस्कार करून उठावे.

मान्यतेच्या बाबतीत राजस्थानची परिस्थिती थोडी वेगळी आहे. राज्याच्या विधिमंडळाने स्वतंत्र कायद्यांनी स्थापन केलेल्या खासगी विद्यापीठांची संख्या येथे मोठी आहे. अशा विद्यापीठाला तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी एआयसीटीईची पूर्वपरवानगी सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात म्हटले. दर्जाचे निकष पाळणे मात्र बंधनकारकच आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे एआयसीटीईची मान्यता नाही’ एवढ्यावरून एखादे विद्यापीठ बनावट ठरत नाही, आणि ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढ्यावरून तेथील प्रत्येक शाखा चांगली ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाची, म्हणजे एनबीएची, अधिस्वीकृती पाहावी. ती महाविद्यालयाला मिळत नाही, एकेका शाखेला आणि ठरावीक मुदतीपुरती मिळते. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘एनबीए’ लिहिलेले असते तेव्हा ती कोणत्या शाखेला आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे विचारावे. यंत्र अभियांत्रिकीला मिळालेली अधिस्वीकृती आयटीच्या जाहिरातीत वापरता येत नाही. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य असल्याने, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने या अधिस्वीकृतीला अधिक महत्त्व आहे.

खर्चाचा विषय टाळून चालणार नाही. एनआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असते. एक लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना ते पूर्ण आणि एक ते पाच लाखांदरम्यान उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश माफ होते. खासगी विद्यापीठांत अशी सरसकट सवलत नसते. त्यांच्या ‘शिष्यवृत्त्या’ बहुधा पहिल्या वर्षाच्या शुल्कातील सूट असतात आणि पुढे ठरावीक गुण टिकले तरच चालू राहतात. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तीत तारणाविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वी तपासले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

आणि नोकरी? गेली पंचवीस वर्षे मध्यमवर्गाच्या दृष्टीने आयटीची पदवी आणि नोकरी हे जवळजवळ समानार्थी शब्द होते. २०२४ मध्ये देशातील आयटी उद्योगात सुमारे ५४ लाख लोक थेट काम करीत होते, ही संख्या लहान नाही. तरीही २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही मोठ्या कंपन्यांतील एकूण कर्मचारी संख्या आदल्या वर्षापेक्षा घटली. शेकडो नवपदवीधरांना एकगठ्ठा घेऊन, सहा महिने शिकवून, मग कामाला लावायचे, ही जुनी पद्धत पूर्वीसारखी राहिलेली नाही. सुरुवातीची ठोकळेबाज संहिता लिहिण्याचे काम आता यंत्रेही करू लागली आहेत. त्यामुळे ज्या पदवीधराला केवळ तेवढेच येते, त्याची अडचण वाढणार हे उघड आहे. जाळी, सुरक्षा, माहितीसाठ्यांचे व्यवस्थापन आणि बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करणे ही कामे तुलनेने टिकून आहेत. गंमत अशी की, संगणकशास्त्राच्या तुलनेत कमी प्रतिष्ठेचे मानले गेलेले आयटीचे मूळ विषय नेमके हेच आहेत.

जयपुरात या कामाला वाव नाही, असे नाही. महिंद्रा वर्ल्ड सिटीत इन्फोसिसचे केंद्र आहे, जेनपॅक्टही शहरात अनेक वर्षांपासून आहे. कारदेखो ही मोटारविक्रीची संकेतस्थळ-कंपनी जयपूरमध्येच जन्मली. सरकारी बाजू याहून मोठी आहे. राजस्थानच्या माहिती तंत्रज्ञान व दळणवळण विभागात सूचना सहायक आणि प्रोग्रॅमर अशी पदे स्पर्धापरीक्षांतून भरली जातात, आणि संगणक किंवा आयटीची पदवी असलेले त्यांना पात्र ठरतात. जेथे खासगी पगार आकर्षक नाहीत तेथे ही पदे अनेकांचे पहिले लक्ष्य असतात. राजस्थानबाहेरच्या उमेदवाराला अशा भरतीत सहसा खुल्या गटातूनच स्पर्धा करावी लागते, हे ध्यानात असू द्यावे. भामाशाह टेक्नो हब आणि राज्याचा आयस्टार्ट उपक्रम यांच्यामुळे नवउद्योग करू पाहणाऱ्यांना बसायला जागा आणि काही आधार मिळतो. पुणे किंवा बेंगळूरुइतके मोठे क्षेत्र मात्र हे नव्हे, आणि शेवटच्या सत्रातील प्रशिक्षणासाठी जयपूरची मुले मोठ्या संख्येने गुरुग्राम, नोएडाकडे जातात.

माध्यमाचाही विचार मराठी घरांत होतो. २०२१ मध्ये एआयसीटीईने आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची परवानगी दिली. पुण्याच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली ती त्याच वेळी. राजस्थानात हा मार्ग हिंदीतून आहे. इंग्रजीची भीती असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यासाठी मराठी माध्यम हे पुण्याकडे पाहण्याचे एक ठोस कारण होऊ शकते.

जून-जुलैमध्ये जी घाई होते तिचे एक कारण पैसे बुडण्याची भीती असते. जोसाच्या फेऱ्या संपण्यापूर्वीच खासगी संस्था ‘जागा राखून ठेवा’ म्हणून रक्कम मागतात, आणि चांगली जागा मिळाली तरी ती परत मिळणार नाही असे समजून अनेकजण तेथेच थांबतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी जाहीर केलेल्या धोरणानुसार ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत करायचे होते. ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून. तारखा दरवर्षी नव्याने जाहीर होतात, त्यामुळे चालू वर्षाचे परिपत्रक पाहून ठेवावे. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. तपासणीनंतर त्या तेथल्या तेथे परत मागाव्यात.